स्टेम सेल तिथेच आहेत, मग हाड का जुळत नाही?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. भाऊ 34 वर्षांचा, बाइकच्या अपघातात नडगीचं हाड म्हणजे टिबिया मोडला, आत रॉड टाकला, आठ महिने झाले तरी एक्स-रेत फट दिसतेय आणि पायावर वजन दिलं की दुखतं. एका डॉक्टरांनी सांगितलं कमरेच्या हाडातून बोन मॅरो काढून फटीत सोडू, दुसरीकडे लॅबमध्ये वाढवलेल्या स्टेम सेलचं इंजेक्शन सुचवलंय. आणि तुमचं म्हणणं, शरीरात स्टेम सेल (म्हणजे ज्यांच्यापासून हाड, कूर्चा अशा वेगवेगळ्या पेशी बनू शकतात त्या मूळ पेशी) आधीपासून असतातच ना, मग आठ महिने त्या काय करत होत्या, आणि बाहेरून नव्या टाकल्या तर त्या तरी वेगळं काय करणार?

हा प्रश्न खरंतर प्रत्येक पेशंटने विचारायला हवा आणि फार कमी जण विचारतात. मी ऑर्थोपेडिक सर्जन आहे, न जुळलेली हाडं म्हणजे नॉनयुनियन हेच माझं मुख्य काम, त्याआधी काही वर्षं लॅबमध्ये याच पेशी वाढवण्यात गेलीत, त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगतो. जरा लांबेल.

एक आधीच सांगून टाकतो, एक्स-रे न बघता भावाला नेमकं काय करायचं हे मी ठरवू शकत नाही. फट किती आहे, रॉड घट्ट आहे की आत हलतोय, अपघातात जखम उघडी होती का, आत इन्फेक्शन दडलंय का, शुगर आहे का, यावर सगळं अवलंबून आहे, आणि सिगरेट चालू आहे हे तुम्ही लिहिलंयच, तेही यात मोठं आहे. पण पेशी असून हाड का होत नाही याचं उत्तर देता येतं, आणि ते कळलं की त्या दोन सल्ल्यांकडे कसं बघायचं हेही कळेल.

नॉनयुनियनचं ऑपरेशन करताना फट उघडली की आत पोकळी असेल असं बहुतेकांना वाटतं. नसते. आत पांढरट करडा, चिवट टिश्यू भरलेला असतो, चिमट्यात धरून ओढला तरी सुटत नाही, ब्लेडने कापून काढावा लागतो. हाडाची दोन्ही टोकं गुळगुळीत, पिवळसर, कडक झालेली असतात आणि त्यावर ड्रिल लावला की आधी नुसता कोरडा पांढरा भुगा येतो. मग थोडं थोडं मागे जात राहायचं. एका टप्प्यावर हाडावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उमटायला लागतात, तिथे थांबायचं, तिथून मागचं हाड जिवंत आहे.

आता तो चिवट टिश्यू कोणी बनवला? ज्या पेशींनी हाड बनवायचं होतं त्यांच्याच जातभाईंनी. हे नुसतं म्हणायला नाही म्हणत. नॉनयुनियनच्या त्या टिश्यूतून पेशी वेगळ्या काढून डिशमध्ये वाढवल्या आणि हाडाकडे नेणारं माध्यम दिलं, म्हणजे ज्यात डेक्सामेथासोन, व्हिटॅमिन सी आणि फॉस्फेट पुरवणारं बीटा-ग्लिसरोफॉस्फेट असतं, तर दोन-तीन आठवड्यांत डिशच्या तळाशी कॅल्शियम साठायला लागतं. अलिझारिन रेड नावाचा रंग टाकून धुतलं की लाल डाग डोळ्यांना दिसतात. निरोगी बोन मॅरोतल्या पेशींइतका जोर त्यांच्यात बऱ्याचदा नसतो हे खरं, पण क्षमता असते. म्हणजे त्या पेशी आठ महिने रिकाम्या बसल्या नव्हत्या. त्यांना आजूबाजूने जे कळत होतं त्याप्रमाणे त्या काम करत होत्या, आणि त्यांना जे कळत होतं ते "हाड बनव" असं नव्हतं.

मग पेशीला हे कळतं कसं? सुरुवात रक्तापासून होते. हाड मोडलं की रक्तवाहिन्या फाटतात आणि फटीत गुठळी जमते. ही गुठळी म्हणजे घाण नाही, ते पहिलं घर आहे. फायब्रिनचं जाळं, त्यात अडकलेल्या प्लेटलेट, आणि प्लेटलेटमधून सुटणारे पीडीजीएफ, टीजीएफ-बीटा असे संदेश देणारे पदार्थ, त्यांच्या मागोमाग आजूबाजूच्या पेशी सरकत आत येतात. आत ऑक्सिजन कमी असतो, आम्लता जास्त असते, आणि गंमत म्हणजे सुरुवातीला हे हवंच असतं, कारण ऑक्सिजन कमी पडला की पेशीत एचआयएफ-1 अल्फा नावाचं प्रोटीन टिकून राहतं आणि ते व्हीईजीएफ तयार करायला लावतं, ज्याच्यामुळे नव्या रक्तवाहिन्या आत येतात. प्राण्यांवरच्या प्रयोगात ही गुठळी काढून टाकली तर हाड जुळायला उशीर होतो. उघडी जखम होती का असं मी विचारतो त्यामागे हेही एक कारण आहे, उघड्या फ्रॅक्चरमध्ये गुठळी वाहून जाते, साफ करताना धुतली जाते (धुवावीच लागते, नाहीतर इन्फेक्शन), आणि हाडावरचं आवरणही फाटलेलं असतं.

त्यानंतर सूज. सूज म्हटलं की लोक घाबरतात, गोळ्या मागतात, पण पहिल्या काही दिवसांतली सूज हाडाला लागतेच. मॅक्रोफेज नावाच्या पेशी येतात, टीएनएफ-अल्फा, आयएल-6 असे पदार्थ सोडतात, मेलेला भाग साफ करतात आणि स्टेम सेलना बोलावतात. ज्या उंदरांमध्ये टीएनएफ-अल्फा ओळखणारे रिसेप्टरच काढून टाकले होते त्यांची हाडं उशिरा जुळली, म्हणजे ज्याला आपण नुसतं वाईट समजतो त्याच्याशिवायही काम अडतं. पण ही सूज वेळेत यायला हवी आणि वेळेत जायलाही हवी. मॅक्रोफेजचा स्वभाव काही दिवसांत बदलतो, आधी भांडणारे असतात ते नंतर दुरुस्ती करणारे होतात, आणि हा बदल झाला नाही, टीएनएफ महिनोन्‌महिने वरच राहिलं, तर तेच टीएनएफ स्टेम सेलला हाड बनवण्यापासून अडवतं आणि कूर्चा म्हणजे कार्टिलेज बनवणाऱ्या पेशी वेळेआधी मारतं. डायबेटिसमध्ये हेच होतं. दडलेल्या इन्फेक्शनमध्ये तर होतंच होतं, रॉडवर जंतूंचा पातळ थर चिकटून बसलेला असतो, बाहेरून पू नाही, ताप नाही, पण आतल्या पेशींसाठी रोजच लढाई चालू असते.

पेनकिलरबद्दल पुढे कोणीतरी विचारेलच म्हणून सांगतो. सूज कमी करणाऱ्या गोळ्या कॉक्स-2 एन्झाइम अडवतात, आणि ज्या उंदरांमध्ये हे एन्झाइम नव्हतं त्यांच्यात हाड नीट जुळलं नाही हे 2002 मध्ये दाखवलं गेलंय, कारण त्यातून बनणारं प्रोस्टाग्लँडिन ई-2 स्टेम सेलला हाडाकडे ढकलतं. माणसांमध्ये चित्र एवढं स्वच्छ नाही, दोन-चार दिवस घेतलेल्या गोळ्यांनी हाड अडतं असं मी म्हणणार नाही, पण भाऊ आठ महिने दुखतंय म्हणून स्वतःच्या मनाने रोज अशी गोळी घेत असेल तर ते बंद करून डॉक्टरांना दुसरं काहीतरी विचारा.

आता ज्या गोष्टीवर मला सगळ्यात जास्त बोलायचंय ती म्हणजे हालचाल. पेशी स्वतःला ताणलं जातंय की नाही हे मोजते, अक्षरशः मोजते, आणि त्यावर ठरवते काय बनायचं. स्विस सर्जन स्टीफन पेरेन यांनी हे सोप्या हिशेबात मांडलंय. समजा फट 1 मिलिमीटर आहे आणि चालताना दोन्ही टोकं अर्धा मिलिमीटर हलतात. म्हणजे मधला टिश्यू 50 टक्के ताणला जातो. तेवढीच हालचाल पण फट 5 मिलिमीटर असेल तर ताण 10 टक्के. आता पक्कं हाड साधारण 2 टक्केच ताण सहन करतं, त्याच्या वर गेलं की तुटतं. कूर्चा 10 टक्क्यांपर्यंत जाते. सुरुवातीचा मऊ, लाल ग्रॅन्युलेशन टिश्यू तर 100 टक्के ताणला तरी टिकतो. म्हणून शरीर थेट हाड टाकत नाही, आधी मऊ टिश्यू, त्याने हालचाल थोडी कमी होते, मग कूर्चा, त्याने अजून कमी होते, मग हाड. प्रत्येक टिश्यू पुढच्याला जागा तयार करून देतो. ताण कुठल्याच टप्प्यावर खाली आला नाही तर साखळी तिथेच अडकते आणि पेशी तंतूंचा टिश्यू बनवत बसते, कारण त्या ताणात तोच टिकतो. तो चिवट करडा टिश्यू हेच आहे. पेशीच्या बाजूने बघितलं तर तिने चूक केलेली नाही, जे टिकेल ते बनवलंय.

यात लहान फट बारीक हालचालीला जास्त नाजूक असते हेही लक्षात घ्या, लोकांना वाटतं फट लहान म्हणजे बरं, पण लहान आणि हलणारी फट वाईट.

पेशी ताण मोजते तशी कडकपणाही मोजते. 2006 मध्ये डेनिस डिशर यांच्या लॅबने दाखवलं की एकाच प्रकारच्या बोन मॅरो स्टेम सेल वेगवेगळ्या कडकपणाच्या जेलवर ठेवल्या तर 1 किलोपास्कलपेक्षा (हे कडकपणाचं माप) मऊ जेलवर त्या मेंदूच्या पेशींसारख्या लांबट फांद्या काढायला लागतात, 10 च्या आसपास स्नायूंकडे झुकतात आणि 25 ते 40 वर, म्हणजे नुकत्याच तयार झालेल्या अजून कॅल्शियम न भरलेल्या हाडासारख्या जेलवर, हाडाकडे. माध्यम तेच, औषध काही नाही, फक्त पायाखालची जमीन वेगळी. त्याआधी 2004 मध्ये असंही दिसलं होतं की पेशीला पसरायला जागा दिली तर हाडाकडे जाते आणि छोट्या जागेत गोल राहायला भाग पाडलं तर चरबीकडे. पेशी आजूबाजूला धरून आतून ओढते, ओढ लागली की यॅप नावाचं प्रोटीन न्यूक्लियसमध्ये जातं आणि तिथून पुढचे निर्णय होतात. डिशमधलं माणसाच्या पायात जसंच्या तसं लागू होतं असं नाही, पायात रक्त आहे, सूज आहे, बाकी शंभर गोष्टी आहेत, पण दिशा तीच.

आणि याचा सगळ्यात मोठा पुरावा मला लॅबपेक्षा ओपीडीत दिसतो. नॉनयुनियनचा एक प्रकार असतो ज्यात एक्स-रेमध्ये टोकांना भरपूर कॅलस, म्हणजे जुळताना येणारं नवं कच्चं हाड, असतो, टोकं फुगून हत्तीच्या पायासारखी पसरलेली असतात पण मधली फट तशीच. याला हायपरट्रॉफिक म्हणतात. इथे रक्त आहे, पेशी आहेत, त्यांची तयारी आहे, फक्त हालचाल जास्त आहे. अशा वेळी आम्ही फटीला हातही लावत नाही, आतून जाड रॉड टाकतो किंवा बाहेरून प्लेटने घट्ट करतो, आणि काही महिन्यांत तोच मधला टिश्यू हाड होतो. एकही पेशी बाहेरून टाकलेली नसते. त्याच पेशी, तीच फट, ताण खाली आला एवढाच फरक.

उलटंही होतं. फट ठेवून खूप कडक प्लेट लावली तर पेशींना काहीच हालचाल जाणवत नाही आणि कॅलसच येत नाही. थोडी हालचाल हवी, जास्त नको, आणि ही "थोडी" किती हे फ्रॅक्चरचा आकार, फट, माणसाचं वजन, रॉडची जाडी यावर बदलतं. म्हणून तर कधीकधी रॉडच्या एका टोकाचे स्क्रू काढून हाडावर भार येऊ देतात.

इथपर्यंतचं एका वाक्यात धरून ठेवा, पेशीला गुठळी आणि सूज बोलावते, ताण आणि कडकपणा दिशा देतो. आता उरलं रक्त.

रक्तपुरवठा म्हटलं की सगळे ऑक्सिजन म्हणतात. पण 2020 मध्ये बेल्जियममधल्या लूव्हेनच्या एका टीमने उंदरांमध्ये जे दाखवलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. फटीच्या मध्यभागी जिथे रक्तवाहिन्या पोचलेल्या नसतात तिथे पेशींना फॅटी अ‍ॅसिड म्हणजे स्निग्ध पदार्थ मिळत नाहीत, आणि ती कमतरता जाणवली की पेशीत सॉक्स-9 नावाचा जीन चालू होतो आणि पेशी कूर्चा बनते. कूर्चाच्या पेशीला रक्तवाहिनी जवळ लागत नाही, ती स्निग्ध पदार्थ जाळून जगत नाही, म्हणून अशा उपाशी जागेत तीच तग धरते. काठावर जिथे रक्त आहे तिथे पेशी थेट हाड बनतात. एकाच फ्रॅक्चरमध्ये, काही मिलिमीटरच्या अंतरावर, एकाच जातीच्या पेशी दोन वेगळे रस्ते धरतात आणि ठरवतं कोण, तर जवळ रक्तवाहिनी आहे की नाही. नंतर रक्तवाहिन्या कूर्चेत शिरतात आणि त्या कूर्चेचं हाड होतं, त्यातल्या बऱ्याच कूर्चापेशी मरत नाहीत तर स्वतःच हाडपेशी होतात हे 2014 पासून चांगलंच पुढे आलंय. रक्तवाहिन्यांमध्येही प्रकार आहेत, त्याच वर्षी हाडातल्या एच टाइप केशवाहिन्या ओळखल्या गेल्या ज्यांच्या भोवती हाड बनवणाऱ्या पेशी गर्दी करतात, आणि वय वाढलं की या वाहिन्या कमी होत जातात.

सिगरेट इथे मारते. निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आवळतं, धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या ऑक्सिजनची जागा घेतो, आणि नडगीच्या हाडावर पुढच्या बाजूला मांस जवळपास नाहीच, नुसती कातडी, त्यामुळे तिथला रक्तपुरवठा मुळातच तुटपुंजा. धूम्रपान करणाऱ्यांची टिबिया उशिरा जुळतात हे अनेक अभ्यासांत दिसलंय. भाऊ सिगरेट सोडणार नसेल तर आपण काहीही महाग टाकलं तरी ते त्याच आवळलेल्या रक्तावर जगणार आहे, हे त्याला स्पष्ट सांगा, माझ्या नावाने सांगा हवं तर.

आता थोडं पेशींच्या बाजूनेही बोललं पाहिजे नाहीतर हे एकतर्फी होईल. सगळं वातावरणच ठरवतं असं नाही. फ्रॅक्चरमधला कॅलस मुख्यतः हाडावरच्या आवरणातल्या म्हणजे पेरिऑस्टियममधल्या पेशी बनवतात, बोन मॅरोतल्या नाही. उंदरांमध्ये दिसलंय की आवरणातल्या पेशी कूर्चा आणि हाड दोन्ही बनवतात, आतल्या बाजूच्या पेशी मात्र मुख्यतः हाडच. जबड्याचं उदाहरण तर फारच बोलकं आहे, 2008 मध्ये उंदरांच्या जबड्यातल्या पेशी नडगीत लावल्या तर त्या तिथल्या होऊन गेल्या आणि हाड छान भरलं, पण नडगीतल्या पेशी जबड्यात लावल्या तर त्यांनी तिथे कूर्चा बनवली, आपला मूळ हॉक्स जीनचा (शरीरातली आपली जागा कोणती हे पेशीला सांगणारे जीन) ठसा सोडला नाही. म्हणजे पेशीही स्वतःची आठवण घेऊन येते. म्हणूनच ऑपरेशन करताना हाडावरचं आवरण जितकं कमी खरवडता येईल तितकं कमी खरवडायचं हे मी ज्युनिअर डॉक्टरांना सारखं सांगत असतो, तिथल्या पेशी परत आणता येत नाहीत.

वयाचंही तसंच दुहेरी आहे. 2015 मध्ये म्हाताऱ्या आणि तरुण उंदरांचं रक्ताभिसरण एकमेकांना जोडलं तर म्हाताऱ्याचं हाड चांगलं जुळायला लागलं, म्हणजे वातावरण बदलून फरक पडला. पण 2021 मध्ये असंही दिसलं की म्हाताऱ्या उंदरांच्या हाडातल्या स्टेम सेल स्वतःच सीएसएफ-1 सारखे पदार्थ जास्त सोडतात, त्याने हाड खाणाऱ्या पेशी वाढतात आणि आजूबाजूचं वातावरण त्या स्वतःच बिघडवतात. पेशी वातावरणाचं ऐकते आणि वातावरण घडवतेही. तुमचा भाऊ 34 चा आहे, त्यामुळे वयाचा भाग त्याच्या बाबतीत मी फारसा धरत नाही.

तर आता ते दोन सल्ले.

कमरेच्या हाडातून बोन मॅरो काढून, सेंट्रिफ्यूजने घट्ट करून फटीत सोडणं, याला आधार आहे. 2005 मध्ये फ्रान्सच्या फिलिप हर्निगू यांनी 60 पेशंटचा अभ्यास छापला, सगळे टिबियाचे नॉनयुनियन, त्यातले 53 जुळले. पण बारकाईने बघा कोणते पेशंट, इन्फेक्शन नसलेले आणि अ‍ॅट्रॉफिक, म्हणजे ज्यात कॅलस आलाच नव्हता, पेशींची कामगिरीच दिसत नव्हती. आणि जे 7 जुळले नाहीत त्यांना मिळालेल्या पेशींची संख्या बाकीच्यांपेक्षा बरीच कमी होती. बोन मॅरोत अशा पेशी फार विरळ असतात, दहा हजार ते एक लाख पेशींमागे एखादी, आणि एकाच जागी सुई ठेवून मोठी सिरिंज भरली तर मॅरोच्या ऐवजी साधं रक्तच येतं. म्हणून थोडं थोडं, जागा बदलत काढायचं असतं. डॉक्टरांना हे विचारायला हरकत नाही की किती ठिकाणांहून काढणार, घट्ट करणार की तसंच सोडणार. म्हणजे हा उपाय योग्य केसमध्ये चांगला आहे, जिथे फट लहान आहे, रॉड पक्का आहे, इन्फेक्शन नाही आणि पेशीच कमी पडतायत. हलणाऱ्या फटीत तोच मॅरो सोडला तर आधीच्या पेशींना जे कळत होतं तेच या नव्यांनाही कळणार.

लॅबमध्ये वाढवलेल्या पेशींबद्दल मी जास्त सावध आहे. प्लॅस्टिकच्या फ्लास्कचा तळ त्या 25-40 किलोपास्कलच्या जेलपेक्षा साधारण लाखपट कडक असतो, पेशी त्याला चिकटून आठवडेच्या आठवडे वाढते, आणि क्रिस्टी अ‍ॅन्सेथ यांच्या लॅबने 2014 मध्ये दाखवलंय की कडक तळावर जास्त दिवस राहिलेली पेशी मऊ जागी हलवली तरी यॅप न्यूक्लियसमध्येच राहतं, जुनी जमीन तिला आठवत राहते. कल्चरमध्ये पुन्हापुन्हा वाढवलं की पेशी थकतात, मायक्रोस्कोपखाली हे ओळखू येतं, सुरुवातीला बारीक निमुळत्या असतात, एका रांगेत पोहणाऱ्या माशांसारख्या, आणि नंतर रुंद, पसरट, कडा अस्पष्ट झालेल्या. मग अशा पेशी फटीत टाकल्या की तिथे रक्त नाही, ग्लुकोज काही दिवसांत संपतं, आणि बहुतेक पेशी काही आठवड्यांत मरून जातात. शिरेतून दिल्या तर बऱ्याचशा फुप्फुसातच अडकतात. जो फायदा दिसतो तो त्या पेशी स्वतः हाड बनल्यामुळे कमी आणि मरण्याआधी त्यांनी सोडलेल्या संदेशांमुळे जास्त, असं आता बरेच जण मानतात, ज्या आर्नल्ड कॅप्लन यांनी 1991 मध्ये यांना मेसेन्कायमल स्टेम सेल असं नाव दिलं त्यांनीच 2017 मध्ये हे नाव बदला असं लिहिलं. त्यामुळे कुणी फक्त इंजेक्शन देऊन हाड जुळवतो म्हणत असेल, रॉडची पक्केपणाची, इन्फेक्शनची, रक्ताची चौकशी न करता, तर मी माझ्या घरच्या माणसाला तिथे पाठवणार नाही. नोंदणीकृत क्लिनिकल ट्रायल असेल, लेखी माहिती देऊन संमती घेत असतील, तर गोष्ट वेगळी.

उलट वातावरण आधी तयार करायचं आणि मग हाड टाकायचं, हा रस्ता मला पटतो आणि तो जुनाच आहे. फ्रान्सच्या अ‍ॅलेन मास्केले यांची पद्धत बघा, हाड बरंच गेलं असेल तर आधी त्या जागी बोन सिमेंटचा (ऑपरेशनमध्ये वापरतात ते) गोळा ठेवतात, 6 ते 8 आठवडे थांबतात, शरीर त्या सिमेंटभोवती एक पातळ पडदा तयार करतं, आणि त्या पडद्यात भरपूर रक्तवाहिन्या, व्हीईजीएफ, हाड बनवायला सांगणारं बीएमपी-2 असं सगळं असतं. मग पडदा उघडून सिमेंट काढायचं, आत कमरेच्या हाडाचे तुकडे भरायचे आणि पडदा परत शिवायचा. त्याच हाडाचे तुकडे पडद्याशिवाय मोठ्या फटीत टाकले तर बऱ्याचदा शरीर ते खाऊन टाकतं.

तुमच्या भावाच्या बाबतीत मी काय करेन ते क्रमाने सांगतो, पण हे एक्स-रे न बघता आहे हे लक्षात ठेवा. सगळ्यात आधी इन्फेक्शन, त्यासाठी सीआरपी आणि ईएसआर या सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या, आणि हे नॉर्मल आले तरी उघडी जखम झाली होती असं असेल तर मी निश्चिंत होत नाही, ऑपरेशनच्या वेळी वेगवेगळ्या जागांवरून पाचेक नमुने घेऊन दोन आठवडे कल्चर ठेवायला सांगतो, त्याआधी अँटिबायोटिक बंद ठेवून. मग सीटी स्कॅन, कारण रॉडमुळे साध्या एक्स-रेत फट खरी किती ते नीट कळत नाही. मग स्क्रू तुटलेत का, रॉड नळीत सैल आहे का. मग एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर), व्हिटॅमिन डी, थायरॉइड. यात रॉड सैल निघाला आणि कॅलस भरपूर असेल तर जुना रॉड काढून, हाडाची नळी आतून 1-2 मिलिमीटर जास्त रीम करून म्हणजे कोरून रुंद करून जाड रॉड टाकला की बहुतेक वेळा भागतं, शिवाय रीम करताना निघणारा हाडाचा भुगा आतल्या आत फटीत जातो हा फायदाच. कॅलस अजिबात नसेल, टोकं निमुळती झाली असतील, तर टोकं रक्त येईपर्यंत साफ करून हाडाचे तुकडे किंवा मॅरो, आणि पक्कं बसवणं, हे सगळं एकत्र. नुसतं एक नाही.

आठ महिने हा काळ तसा काठावरचा आहे, अमेरिकेच्या एफडीएची व्याख्या 9 महिने आणि त्यातले शेवटचे 3 महिने काहीच प्रगती नाही अशी आहे. पण तारखेपेक्षा एक्स-रेची रांग बघा, गेल्या तीन-चार महिन्यांतले एक्स-रे शेजारी ठेवून कॅलस वाढतोय का ते बघायचं, वाढत असेल तर सिगरेट बंद करून थांबायला हरकत नाही, तसाच असेल तर नववा महिना पुरा व्हायची वाट बघण्यात अर्थ नाही.

जमलं तर एवढं कळवा, जखम उघडी होती का, रॉडची जाडी किती लिहिलीय (डिस्चार्ज पेपरवर असते), शेवटचे तीन एक्स-रे कधीचे आहेत आणि त्यात टोकं फुगलेली दिसतात की निमुळती. त्यावरून मॅरोचा सल्ला त्याच्यासाठी बरोबर आहे की आधी रॉडचं बघायला हवं हे बऱ्यापैकी सांगता येईल.